चुलीजवळचे बालशिक्षण

मूल पहिल्या इयत्तेत येऊन बसते तेव्हा त्याची पाटी कोरी असते. परंतु मूल कोरे नसते. सहा वर्षे ते घरात वाढलेले असते, आणि त्यातील पुष्कळसा काळ त्याने आईच्या पदराला धरून चुलीच्या आसपास काढलेला असतो. उष्ण व थंड, ओले व कोरडे, थोडे व पुष्कळ, आधी व नंतर हे भेद त्यास प्रथम तेथेच कळतात. घरातील इतके मोठे विद्यालय शिक्षकाच्या नजरेआड राहू नये, या हेतूने प्रस्तुत लेखात एका साध्या विषयाचा विचार केला आहे. दीड ते चार वर्षांच्या बालकास स्वयंपाकाच्या व भाजण्याच्या कामात कसे सामावून घ्यावे, त्यापासून त्याचा कोणता विकास साधतो, विस्तवाचा धोका कसा टाळावा आणि या बाबतीत खेड्यातील शिक्षकाने पालकांस कोणते साहाय्य करावे, हे त्याचे चार भाग होत.

१. हा प्रश्न शिक्षकाचा का?

दीड-दोन वर्षांचे मूल शाळेच्या पटावर नसते, मग त्याची चिंता शिक्षकाने का वाहावी, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर हजेरीपटातच सापडते. दुसरी-तिसरीतील एखादी मुलगी वारंवार परिपाठ संपल्यावर वर्गात येते. कारण विचारले असता ‘भावाला सांभाळत होते’ असे ती सांगते. आईला शेतावर जाण्यापूर्वी भाकऱ्या उरकावयाच्या असतात. त्याच वेळी घरातील धाकटे मूल चुलीकडे धाव घेते, पिठात हात घालते, पाण्याचे भांडे उपडे करते. ते पोळेल या भीतीने आई त्यास थोरल्या मुलीच्या कडेवर देऊन अंगणात पाठविते. शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत मुलगी तेथे अडकते आणि शाळेची घंटा होऊन जाते.

जेथे थोरली मुलगी नाही, तेथे अलीकडे मुलाच्या हाती मोबाइल देऊन त्यास गप्प बसविण्याची रीत पडली आहे. पहिल्या उपायात मुलीच्या शिक्षणाचे नुकसान आहे, दुसऱ्यात बालकाचे. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे; ती ही की, स्वयंपाकाच्या वेळी लहान मूल म्हणजे केवळ अडथळा. त्या अडथळ्यास योग्य जागी बसवून योग्य काम दिले, तर सकाळची ती वेळ आई, मुलगी व बालक या तिघांनाही सुखाची होऊ शकते.

येथे एक मर्यादा प्रथमच सांगितली पाहिजे. आई दिवसभर शेतावर किंवा मजुरीवर असते तेव्हाचा प्रश्न या उपायाने सुटत नाही. त्यासाठी अंगणवाडी व पाळणाघर यांचीच आवश्यकता आहे. परंतु सकाळचा जो वेळ आई घरात असते, तो वेळ हाती घेता येण्यासारखा आहे, आणि थोरल्या मुलीची शाळा बहुधा त्या वेळेवरच अवलंबून असते.

२. बालकाची कामाची ओढ

दोन वर्षांच्या मुलासमोर एकीकडे रंगीत खेळणे व दुसरीकडे आईच्या हातातील पिठाचा गोळा ठेवला, तर ते बहुधा पिठाकडे वळते. मोठी माणसे जे करतात तेच आपण करावे ही त्याची प्रबळ इच्छा असते. मोठ्यांचे काम काही तरी संपविण्यासाठी असते. मुलाचे काम मात्र करण्यासाठीच असते. म्हणूनच ते एकाच वाटीतील पाणी दुसऱ्या वाटीत दहा वेळा ओतते व अकराव्या वेळीही तितक्याच आनंदाने ओतते. या पुनरावृत्तीतून त्याच्या बोटांना व मनगटाला वळण लागते. पुढे पेन्सिल धरण्यास लागणारी ताकद व नेमकेपणा येथूनच येतो.

शिक्षणतज्ज्ञांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. स्वित्झर्लंडमधील पेस्टालॉत्सी यांनी १७८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लिओनार्द आणि गर्ट्रूड’ या कथेतील माता घरकाम चालू असतानाच मुलांना मोजणे व निरीक्षण करणे शिकविते. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले ‘बालगृह’ उघडले. तेथे लहान लहान मुले स्वतः भोजनाची मांडामांड करीत व वाढीत. हात धुणे, पाणी ओतणे, पुसणे, निवडणे यांसारख्या जीवनव्यवहारातील कामांना त्यांनी आपल्या पद्धतीत मानाचे स्थान दिले.

आपल्या प्रांतांत हे विचार रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांस द्यावे लागते. गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. ताराबाई पुढे त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. तथापि शहरातील महागडी साधने खेड्यात चालणार नाहीत हे ताराबाईंनी जाणले. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. पाने, बिया, शंख-शिंपले, माती अशा भोवतालच्या वस्तूंची साधने झाली.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे गेले. कोसबाडची वस्ती वारली आदिवासींची. तेथील अडचण आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांत आढळते तशीच. थोरली मुले धाकट्यांना सांभाळण्यात व गुरे राखण्यात गुंतलेली. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. गुराख्यांसाठी कुरणशाळा भरली. धाकट्याची सोय झाल्यावाचून थोरल्याचे शिक्षण होत नाही, हे त्या प्रयोगाने स्पष्ट दाखविले. प्रत्येक गावी विकासवाडी उभी राहणे कठीण. परंतु तिच्यामागील तत्त्व प्रत्येक घरात नेता येते.

३. कोणत्या वयात कोणते काम?

काम देताना मुलाचे वय, त्याची चण व त्या दिवसाचा त्याचा मूड या तिन्हींकडे लक्ष द्यावे. पुढील विभागणी मार्गदर्शनापुरती आहे. एखादे मूल पुढे असेल, एखादे मागे राहील. त्यावरून मुलांची तुलना करू नये.

दीड ते दोन वर्षे : कांदे, बटाटे, वांगी एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत ठेवणे. मेथी किंवा अंबाडीची पाने देठापासून खुडणे. या वयात निम्मी पाने जमिनीवर पडतील. ती उचलून टोपलीत टाकणे हेही कामच समजावे.

दोन ते अडीच वर्षे : भाजी थंड पाण्यात हलवून धुणे. लहान पेल्याने परातीत थंड पाणी ओतणे. पिठाचा गोळा दाबणे, लांबविणे, त्यास बोटाने भोके पाडणे.

अडीच ते तीन वर्षे : लहान चाळणीने पीठ चाळणे. जेवणाच्या वेळी माणशी एक याप्रमाणे ताटल्या मांडणे. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा सोलणे. परंतु हे काम मोठे माणूस समोर बसले असेल तरच द्यावे, कारण दाणा नाकात किंवा घशात जाण्याचा संभव असतो.

तीन ते चार वर्षे : तळहाताएवढी भाकरी थापणे, बट्टीचे गोळे वळणे, उकडून पूर्ण निवालेला बटाटा कुस्करणे, पिकलेल्या केळ्याचे चमच्याच्या कडेने काप करणे.

ऋतूप्रमाणे कामे बदलतात. उन्हाळ्यात सातपुड्याच्या पाड्यांत आमचुरासाठी कैऱ्यांच्या फोडी वाळत घालतात. विळीवरील काम मोठ्यांचे. परंतु कापलेल्या फोडी कापडावर एकास एक न चिकटता पसरविण्याचे काम तीन वर्षांचे मूल मन लावून करते. मोहाची फुले वाळत घालतानाही तसेच. मिरची मात्र या वयाच्या मुलांपासून दूर ठेवावी. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर मोठ्यांचेही हात व डोळे झोंबतात; मिरचीचे हात डोळ्यांस लागले तर बालकाची काय अवस्था होईल हे सांगावयास नको.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मूल उठून गेले तर त्यास परत बसवू नये. जबरदस्ती झाली की शिक्षण संपते. तसेच, हे काम खरे असले तरी ती मजुरी नव्हे. मुलाने केलेल्या कामावर घरचा स्वयंपाक अवलंबून ठेवू नये.

४. भाकरीचा पाठ

ज्वारीची भाकरी आपल्या भागात बहुतेक घरी रोज होते. म्हणून तिलाच पहिला पाठ मानावे. यास निराळे साहित्य, निराळी जागा किंवा निराळा खर्च लागत नाही.

आरंभी आईने स्वतःचे व मुलाचे हात साबणाने धुवावेत. मुलास चुलीपासून दूर, आईच्या नजरेसमोर, एक लहान ताटली घेऊन बसवावे. ज्वारीचे पीठ मळताना गरम पाणी लागते, म्हणून ते मळण्याचे काम आईनेच करावे. मळलेल्या पिठातून लिंबाएवढा गोळा काढून तो पूर्ण कोमट झाला आहे हे स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावे, आणि मगच मुलाच्या हाती द्यावा. थोडे कोरडे पीठ त्याच्या ताटलीत टाकावे. इतके झाले की आईने आपल्या कामास लागावे.

काम करताना आईने बोलत राहावे, हाच या पाठाचा प्राण आहे. ‘पीठ मऊ आहे की खरखरीत?’ ‘गोळा ओला आहे, हाताला चिकटला. आता काय लावू या?’ ‘ही भाकरी बाबांची, ही आजीची. आता कोणाची राहिली?’ अशा चार-पाच वाक्यांत स्पर्शाचे शब्द, कारण व परिणाम, आणि एकास एक जोडणे इतक्या गोष्टी येऊन जातात. मुलाने उत्तर दिले नाही तरी चिंता करू नये. शब्द आज कानात पडतो व पुढे कधी तरी तोंडी येतो. हे बोलणे घरच्या भाषेतच व्हावे, याचा खुलासा पुढे केला आहे.

मुलाची भाकरी वेडीवाकडी होणार, तिला चिरा पडणार. ती पुन्हा मोडून नीट करून देण्याचा मोह आईने टाळावा. ती तशीच भाजावी व त्यासच खावयास द्यावी. स्वतः केलेले अन्न खाण्यास मुले सहसा नाखूष नसतात; जेवणासाठी मागे लागावे लागणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही युक्ती करून पाहण्यासारखी आहे. कच्चे पीठ मात्र खाऊ देऊ नये. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात. ते भाजल्यावर नाहीसे होतात.

याच भाकरीचा उपयोग शिक्षकास वरच्या वर्गात विज्ञानाच्या पाठासाठीही होईल. गव्हाच्या पिठात ग्लूटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो, म्हणून त्याची पोळी लाटता येते व ती ताणली जाते. ज्वारीत ग्लूटेन नसते, म्हणून लाटू गेल्यास ती तुटते. गरम पाण्याने ज्वारीतील काही पिष्ट फुगून चिकट होते व पीठ बांधले जाते. म्हणूनच भाकरीला गरम पाणी लागते व ती थापावी लागते. भाकरी टम्म फुगते ती आतील पाण्याची वाफ झाल्यामुळे. घरी ज्याने गोळा हाताळला आहे त्या विद्यार्थ्यास हे सांगण्यास निराळी साधने लागत नाहीत.

५. बट्टीचा दिवस

विलायती पद्धतीच्या घरांत मुलांना केक किंवा बिस्किटे भाजण्याच्या कामात घेतात. आपल्याकडे घरोघरी भट्टी नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही. खानदेशात बट्टी आहे, गोवरीच्या आरावर भाजावयाचे रोडगे आहेत, पानांत गुंडाळून भाजलेले पानगे आहेत, आणि उलट्या खापरावरचे मांडे आहेत. भाजण्याची इतकी समृद्ध परंपरा असलेल्या भागात बालकाच्या शिक्षणास उसनी साधने कशास हवीत?

आठवड्यातून एखादे दिवशी, शक्यतो सुट्टीच्या, बट्टीचा बेत ठरवावा. गव्हाचे जाडसर पीठ दोन वाट्या, मक्याचे पीठ अर्धी वाटी, तीन चमचे तेल, चवीपुरते मीठ, थोडा ओवा व चिमूटभर हळद इतके साहित्य पुरते. वाट्या मोजून परातीत टाकण्याचे काम मुलाचे. मोजताना मोठ्याने ‘एक, दोन’ म्हणावे; अर्धी वाटी दाखविताना भरलेली व अर्धी अशा दोन्ही शेजारी ठेवाव्यात. येथे पाणी थंडच लागते, म्हणून कालविण्याच्या कामातही मुलास हात घालू द्यावा. पीठ घट्ट मळून आईने मोठे गोळे करावेत व मुलाने लहान.

मुलाने आपल्या गोळ्यावर अंगठ्याने खूण करावी. पुढील काम मोठ्यांचे. कोणी बट्टी आरावर भाजतात, कोणी आधी वाफवून व कापून मग तुपात किंवा तेलात तळतात. ज्या घरी जशी रीत असेल तशी पाळावी. गॅस असलेल्या घरी जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात, मंद आचेवर उलटसुलट करीत, सुमारे अर्ध्या तासात लहान गोळे भाजून निघतात. तळण्याच्या वेळी बालक त्या खोलीत असूच नये.

बट्टी निवल्यावर मुलास आपला गोळा ओळखावयास सांगावे. रंग बदललेला, आकार थोडा फुगलेला, वरून तडकलेला. परंतु अंगठ्याची खूण तीच. वस्तू बदलते आणि तरीही तीच राहते, हा विचार बालकाच्या मनात प्रवेश करतो तो अशा अनुभवातून. त्यापाठोपाठ ‘आधी काय केले? मग काय केले? शेवटी काय झाले?’ असे विचारावे. क्रमाने सांगता येणे ही गोष्ट सांगण्याची व पुढे निबंध लिहिण्याची पहिली पायरी होय.

६. विस्तव व इतर धोके

वरील सर्व विवेचन पुढील नियमांच्या अधीन आहे. हे नियम पाळणे ज्या घरी शक्य नसेल, तेथे मुलास स्वयंपाकाच्या जागी न बसविणे हेच शहाणपणाचे. बालकाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असल्यामुळे ते लवकर व खोलवर भाजते.

पहिला नियम रेषेचा. चुलीपासून किंवा गॅसच्या शेगडीपासून निदान तीन फुटांवर गेरूने किंवा खडूने ठळक रेषा ओढावी. रेषेच्या आत मोठी माणसे, बाहेर मूल. ‘जाऊ नको’ या शब्दांपेक्षा डोळ्यांना दिसणारी रेषा मुलास लवकर समजते. तरीही रेषा म्हणजे भिंत नव्हे. चुलीजवळ मूल आहे तोवर मोठ्यांची नजर हटू नये. आईला उठावे लागले तर मुलासही उठवावे.

दुसरा नियम उष्ण द्रवांचा. ज्वाळेपेक्षा आमटी, दूध, चहा व पाणी यांनी लहान मुले अधिक सहज भाजतात, कारण त्यांची भीती दिसत नाही. चहा उतरवून पंधरा मिनिटे झाली तरी तो बालकास पोळवू शकतो. उतरविलेली भांडी जमिनीवर मुलाच्या वाटेत ठेवू नयेत. तव्याचा व पातेल्याचा दांडा आतील बाजूस वळवावा. मूल कडेवर असताना गरम पातेले उचलू नये.

तिसरा नियम धुराचा. चुलीचा धूर बालकाच्या फुप्फुसांस अपायकारक आहे. म्हणून पिठाचे काम दारात किंवा ओसरीवर, वारा खेळता असेल अशा जागी व्हावे.

चौथा नियम घशाचा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे व कडक दाणे पाच वर्षांखालील मुलांस खाण्यास देऊ नयेत. कूट करून द्यावे. दाणा अडकून मूल गुदमरले, त्यास खोकता किंवा रडता येईनासे झाले, तर त्यास पुढे वाकवून दोन खांदेफळांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोसे द्यावेत व तत्काळ मदत मागवावी. न दिसणारा दाणा बोटाने चाचपडू नये. तो आणखी आत जातो.

पाचवा नियम विषाचा. कापूस व मिरचीच्या भागात फवारणीची औषधे घरात आणली जातात. ती, त्यांचे डबे व मोजण्याची भांडी स्वयंपाकाच्या जागी कधीही ठेवू नयेत. रिकाम्या बाटलीत तेल वा पाणी भरू नये.

मूल भाजलेच तर पहिला उपचार थंड पाण्याचा. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. नळ नसेल तर तांब्याने सावकाश पाणी ओतत राहावे. बर्फ लावू नये. दंतमंजन, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. कपडा चिकटला असल्यास ओढून काढू नये. बांगड्या, कडे, करगोटा सूज येण्यापूर्वी उतरवावा. स्वच्छ ओलसर कापड हलकेच झाकून बालकास आरोग्य केंद्रात न्यावे. वाहनासाठी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. जखम लहान दिसली तरी बालकाच्या बाबतीत वैद्यकीय सल्ला टाळू नये.

७. शिक्षकाने काय करावे?

पहिले काम माता-पालक सभेचे. येथे व्याख्यान देऊ नये. एक परात, थोडे पीठ, पाण्याचा पेला व दोन-तीन लहान मुले समोर बसवावीत, आणि मुले काय करतात हे मातांनाच पाहू द्यावे. रेषा कशी ओढावी, गोळा मनगटावर कसा पाहावा, भाजल्यावर पाणी कसे ओतावे, हे करून दाखवावे. अंगणवाडी सेविकांस सभेत अवश्य सहभागी करून घ्यावे. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी त्यांचा नित्य संबंध येतो. ज्या मुलास घरी स्वतःचे काम करण्याची सवय आहे, ते मूल अंगणवाडीत बहिणीवाचून बसण्यासही लवकर तयार होते.

दुसरे काम वडिलांचे व मुलग्यांचे. स्वयंपाक हे मुलींचे काम, अशी समजूत या उपक्रमाने दृढ झाली तर लाभापेक्षा हानी अधिक. पीठ मळण्याने मुलग्याची बोटेही तितकीच सुधारतात. सकाळच्या वेळी वडील किंवा आजोबा घरी असतील तर मुलाजवळ बसण्याचे काम त्यांनी करावे. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या व दिवसभर राबणाऱ्या मातेस आणखी एक कर्तव्य सांगून मोकळे होणे शिक्षकास शोभत नाही. ‘सर्व भाकऱ्या आपल्या गतीने करा, एकच गोळा मुलासाठी काढा’ एवढेच तिच्याजवळ मागावे.

तिसरे काम भाषेचे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा अनेक बोली घराघरांत बोलल्या जातात. मूल पहिलीत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी त्यास परकी वाटते व ते गप्प बसते. ते गप्प बसले म्हणजे त्यास काही येत नाही, असे नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला असून मुलाच्या घरच्या भाषेस शिक्षणात स्थान देण्यावर भर दिला आहे. त्याचा सोपा आरंभ म्हणजे ‘चुलीभोवतीचे शब्द’ हा तक्ता. पीठ, पाणी, विस्तव, तवा, भाकरी, मीठ, चाळणे, थापणे, भाजणे असे वीस-पंचवीस शब्द घ्यावेत. एका रकान्यात चित्र, दुसऱ्यात मुलांनी सांगितलेला घरचा शब्द, तिसऱ्यात प्रमाण मराठी शब्द. एकाच वर्गात दोन-तीन बोली असल्यास तितके रकाने वाढवावेत. घरचा शब्द मुलांकडूनच घ्यावा, आणि शिक्षकाने तो त्यांच्यासमोर उच्चारून पाहावा. गुरुजी आपला शब्द शिकत आहेत हे पाहून अबोल मूल बोलू लागते.

चौथे काम स्थलांतरित कुटुंबांचे. हंगामात ऊसतोडीसाठी व अन्य मजुरीसाठी अनेक कुटुंबे बाहेरगावी जातात. तेथे पालाबाहेर तीन दगडांची उघडी चूल असते. रेषा ओढावयास सारवलेली जमीनही नसते. अशा कुटुंबांस निघण्यापूर्वी गाठून चुलीभोवती उसाच्या मोळ्यांचे कुंपण न करता केवळ दगडांचेच करावे, कारण वाळलेली पाने पेट घेतात, हे आवर्जून सांगावे. रात्री निखारे पाण्याने विझविल्याशिवाय झोपू नये, हेही सांगावे.

पाचवे काम नोंदीचे. सभेपूर्वी एक महिना व सभेनंतर एक महिना, धाकट्या भावंडांमुळे उशिरा येणाऱ्या मुलींची नावे व वेळ एका वहीत टिपून ठेवावी. फरक पडला नाही तर त्या घरी जाऊन अडचण समजून घ्यावी. कदाचित घरात बसावयास जागा नसेल, कदाचित आई पहाटेच बाहेर पडत असेल. तेथे दुसरा उपाय योजावा. मुलीस वर्गात शिक्षा करणे हा उपाय नव्हे. ती आळशी नाही, ती घरचे एक जबाबदारीचे काम करून आलेली असते.

शिक्षणाच्या कार्यात मोठ्या योजनांची गरज आहे, आणि त्या यावयास वेळ लागतो. लिंबाएवढा पिठाचा गोळा मात्र उद्या सकाळीही मिळू शकतो. त्या गोळ्याने चुलीशेजारचे मूल रमले, रेषेबाहेर सुखरूप राहिले, आणि त्याच्या थोरल्या बहिणीचे दप्तर परिपाठापूर्वी शाळेच्या ओट्यावर दिसू लागले, म्हणजे सभेत सांगितलेली गोष्ट घरापर्यंत पोहोचली असे शिक्षकाने समजावे.